गाठी मारलेला दोरा

दसरा झाला की आमच्या बाजारपेठेत ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझं लहानसं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली, या दिवसांत काउंटरच्या पलीकडे तीच लगबग दिसते. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते कारखान्याकडे निघालेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं मोजायची ऊसतोडीतली ही रीत. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, आणि सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. निघायच्या आधी माणसं तापाच्या, जुलाबाच्या, अंगदुखीच्या गोळ्या घेऊन ठेवतात. फडावरून दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक बाई बराच वेळ बाजूला उभी होती. दुकान रिकामं झाल्यावर पुढे आली आणि तिने चिठ्ठी दिली. फेनोबार्बिटोन, साठ मिलिग्रॅम, रोज रात्री एक, पाच महिने. चिठ्ठीवर नाव पुरुषाचं होतं.

"मालकासाठी का?"

तिने मान हलवली. "दीडशे द्या भाऊ. आन् कागदात गुंडाळून द्या. टोळीत कुनाला ठाव न्हाई."

मी गोळ्या मोजल्या, कागदात बांधल्या आणि नेहमीचं सांगितलं: एकही रात्र चुकवायची नाही, आपल्या मनाने बंद करायची नाही, उपाशीपोटी आणि जागरणात ठेवायचं नाही. हे शेवटचं ऊसतोडीला निघालेल्या माणसाला सांगताना जीभ अडखळते, पण सांगावं लागतं. ती म्हणाली, "म्या रोज मोजून देईन."

ती गेल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. ही साठची, फिट आवरायची गोळी आमच्या घरात चाळीस वर्षांहून जास्त काळ आहे, आणि तिच्याही आधी आमच्या घरात मोजणं होतं.

आत्याला पहिल्यांदा फिट आली ती बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आजी खडी फोडायच्या कामावर जायची, आत्या सोबत असायची. दुपारी सुकडी घ्यायला रांगेत उभी असताना ती एकदम ताठ झाली आणि खडीच्या ढिगावर पडली. लोक म्हणाले, ऊन लागलं. दुसरी रात्री झोपेत आली. तिसरी चुलीपाशी आली आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो डाग अजून आहे. मग कुणी ऊन म्हणेना. बाहेरचं आहे, कुणीतरी केलंय, असं सुरू झालं. भानामतीच्या भीतीने गावंच्या गावं दिवेलागणीनंतर दारं लावून घेतात, अशा या मुलखात एका पोरीला बाहेरचं चिकटायला कितीसा वेळ लागतो!

फेफरं, मिरगी, आकडी, फिट असे शब्द आमच्याकडे आहेत, पण घरात त्यातला एकही कुणी उच्चारत नसे. "तिला तसलं होतंय," एवढंच. चरकाने अपस्माराचं वर्णन करताना 'तमःप्रवेश' हा शब्द वापरलाय, आणि त्याला 'आवस्थिक' म्हटलंय, म्हणजे अधूनमधून येणारा. अंधारात शिरणं आणि परत येणं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या नेमकेपणाने बघून ठेवलं होतं, आणि आमच्या वाड्यावर मात्र तिच्या नाकाला चप्पल आणि कांदा लावला जात होता, तोंडात चमचा कोंबला जात होता. त्या चमच्याने तिचा पुढचा दात तुटला. जीभ गिळली जात नसते. तोंडात काही घालायचं नसतं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, जवळचा विस्तव-दगड बाजूला करायचा आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर दवाखाना. एवढंच करायचं असतं, पण हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

आजीला लिहिता येत नव्हतं. खुरपणीचे, खडीचे रोज ती दोऱ्यात मोजायची: एक रोज, एक गाठ. आठवड्याच्या बाजारादिवशी पगार घेताना दोरा पुढे ठेवायची आणि कारकुनाच्या मस्टरशी ताडून बघायची. आत्याची तिसरी फिट झाल्यावर तिने आणखी एक काळा दोरा घेतला आणि तो देवळीतल्या खिळ्याला अडकवला. पडून हातपाय झाडले की मोठी गाठ. नुसतीच टक लावून बघत राहिली, हाक मारली तरी ओ दिली नाही, तर बारीक गाठ. आणि दर अमावास्येला लाल धाग्याचा एक तुकडा, कारण लोक सांगत होते की हे अमावास्येला उसळतं. पहिला दोरा संपला तेव्हा तिने त्यालाच दुसरा जोडला.

लग्न झालं की जातं, असं सांगणारे फार होते. १९८० साली आत्याचं लग्न लावून दिलं. सासरच्यांना काही सांगितलं नाही. ही आमची चूक होती आणि ती मला झाकायची नाही. आठ महिन्यांनी, संक्रांतीच्या रात्री, सासरी सगळ्यांदेखत तिला फिट आली. दोन दिवसांनी तिला एसटीने आणलं, गावच्या पारावर गाठोड्यासकट बसवलं, आणि आणणारा माणूस त्याच गाडीने परत गेला. पुढे वकिलाचा कागद आला. बापूंनी, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, तो पेटीच्या तळाशी ठेवला. मी तो वाचला ते पंचवीस वर्षांनी.

त्यानंतर आजी तिला अंबाजोगाईला घेऊन गेली. तिथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन सात-आठ वर्षंच झाली होती, आणि मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर असतात, ते नीट बघतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. बापू सोबत होते, त्यामुळे पुढचं मला त्यांच्याकडून कळलं. डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, महिन्यातून किती वेळा होतं? आजीने कनवटीचा दोरा काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

तो हसला नाही. त्याने टेबलावरची कागदं बाजूला सारली, दोरा सरळ केला आणि आजीला शेजारी बसवून तिच्याकडून गाठी वाचून घेतल्या. वर्षाच्या एक्केचाळीस निघाल्या. मग त्याने लाल तुकड्यांवर बोट ठेवत विचारलं, हे काय? अमावास्या, आजी म्हणाली. त्याने प्रत्येक लाल तुकड्याच्या आजूबाजूच्या गाठी मोजल्या आणि म्हणाला, "आजी, तुमचा दोराच सांगतोय बघा. अमावास्येला जास्त येत नाही. कधीही येते." बापू सांगायचे, एवढी वर्षं गावात जे कुणाला पटलं नसतं ते आजीला एका क्षणात पटलं, कारण गाठी तिच्याच हातच्या होत्या.

त्याने गोळी लिहून दिली. गार्डिनल, म्हणजे हीच फेनोबार्बिटोन. दुसऱ्या वर्षी दोऱ्यात सहा गाठी पडल्या. तिसऱ्या वर्षी एक. चौथ्या वर्षी दोरा कोराच राहिला, लाल तुकडे तेवढे होते.

मी डी. फार्मसीला गेलो तेव्हा ही गोळी पुस्तकात भेटली. तिची रचना पाठ केली, मात्रा पाठ केली, दुष्परिणाम पाठ केले. कुणी शोधली ते त्या पानावर नव्हतं. ते नाव पुढे कधीतरी वाचनात आलं, आणि मग मी मिळेल तिथून त्या माणसाबद्दल वाचत राहिलो. आल्फ्रेड हाउप्टमान. जन्म १८८१, ग्लायविट्झ गावी, जे तेव्हा जर्मनीत होतं आणि आज पोलंडमध्ये आहे. ज्यू कुटुंबातला.

१९१२ साली तो तिशीचा होता आणि फ्रायबुर्गच्या मनोरुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून अपस्माराच्या रुग्णांची देखभाल करत होता. राहायची खोली रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर. रात्रभर खालून आवाज यायचे: कुणाला फिट आली, कुणी खाटेवरून पडलं. त्या काळी या रुग्णांना द्यायला मुख्यतः एकच औषध होतं, पोटॅशियम ब्रोमाइड. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा उपयोग सांगितला होता आणि पन्नास वर्षं जग त्यावरच चाललं होतं. ब्रोमाइडने फिट कमी होत, पण वर्षानुवर्षं ते घेणारी माणसं मंद होत, अंगावर पुटकुळ्या उठत. हाउप्टमानचे रुग्ण तर ब्रोमाइड घेऊनही फिट न थांबलेले होते.

त्याच सुमाराला जर्मनीत झोपेची नवी औषधं येत होती. एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ मध्ये व्हेरोनाल आणलं होतं. त्याच कुळातलं नवं औषध, ल्युमिनल, १९१२ मध्ये बायर कंपनीने बाजारात आणलं. ल्युमिनल म्हणजेच आमचं फेनोबार्बिटोन. हाउप्टमानने रुग्णांना रात्री शांत झोप लागावी (आणि आपल्यालाही) म्हणून झोपेची औषधं द्यायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. ल्युमिनल दिल्यावर रात्रीच्या फिट कमी झाल्या. त्यात नवल नव्हतं. त्याला नवल वाटलं ते दिवसाचं. जागेपणीसुद्धा फिट कमी झाल्या होत्या, ज्या आल्या त्यांचा जोरही उतरला होता, आणि त्यासाठी झोप लागेल एवढी मात्रासुद्धा लागत नव्हती. वर्षानुवर्षं दवाखान्यात पडून असलेले काहीजण घरी जाऊ शकले, कामाला लागले. त्याच वर्षी त्याने म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेकजण तिला योगायोग म्हणतात. डॉक्टरला झोप येईना, त्याने झोपेची गोळी दिली, आणि नशिबाने औषध सापडलं. मला हे मान्य नाही. ल्युमिनल त्या वर्षी जर्मनीत कितीतरी डॉक्टर कितीतरी माणसांना देत होते. औषध दिल्यावर फिट कमी झाल्या हे कळायला आधी किती येत होत्या ते ठाऊक असावं लागतं. रात्रीच्या किती, दिवसाच्या किती, हे वेगवेगळं ठाऊक असावं लागतं. ते ज्याच्या कानावर रोज रात्री पडत होतं, त्यालाच ते कळू शकलं. आमच्या घरात आत्याच्या फिट किती हे बापूंना सांगता आलं नसतं, कारण ते अंगणात झोपायचे. आजी तिच्या शेजारी झोपायची.

पुढचा इतिहास दुखवणारा आहे. दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. हाउप्टमानचा लेख जर्मन भाषेत, तोही शत्रुराष्ट्राच्या साप्ताहिकात. इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णांपर्यंत ही गोळी पोचायला बरीच वर्षं गेली. युद्धात तो जर्मन सैन्याच्या बाजूने डॉक्टर म्हणून राबला. १९२६ पासून हाले विद्यापीठात प्राध्यापक आणि तिथल्या मज्जाविकार रुग्णालयाचा प्रमुख होता.

१९३३ च्या जुलैमध्ये हिटलरच्या सरकारने 'आनुवंशिक रोग असलेली संतती रोखण्याचा' कायदा केला. सक्तीने नसबंदी करायच्या आजारांच्या यादीत आनुवंशिक अपस्मार होता. त्या राजवटीत सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. ज्या आजाराच्या माणसांना हाउप्टमानने दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, त्याच आजाराची माणसं आता न्यायालयात उभी करून मूल होऊ देण्याच्या लायकीची नाहीत असं ठरवली जात होती. १९३५ मध्ये त्याला स्वतःला ज्यू म्हणून पदावरून काढलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची घरं-दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, त्या रात्रीनंतर त्याला पकडून डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. तिथून सुटल्यावर तो देश सोडून स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत गेला. तेव्हा त्याचं वय सत्तावन्न-अठ्ठावन्न होतं.

आणि यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. १९३९ नंतर जर्मनीत अपंग आणि आजारी मुलांना मारून टाकण्याची जी योजना चालली, तिच्यात अनेक ठिकाणी ल्युमिनल वापरलं गेलं. जास्त मात्रा दिवसेंदिवस द्यायची. मूल गुंगीत राहतं, छातीत कफ साचतो, न्युमोनिया होतो, आणि कागदावर मृत्यूचं कारण न्युमोनिया असं लिहिता येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी फडताळातलं गोळ्यांचं पाकीट हातात घ्यायला मला नको वाटत होतं. गोळी तीच. मोजून देणारा माणूस बदलला की तिचं काय होतं ते मी तेव्हा समजून घेतलं, आणि तेव्हापासून या गोळीची चिठ्ठी आली की मी मात्रा दोनदा वाचतो.

हाउप्टमान बोस्टनला नव्याने काम करू लागला. १९४१ मध्ये थानहाउझर या आपल्यासारख्याच निर्वासित डॉक्टरासोबत त्याने एका कुटुंबातल्या आनुवंशिक स्नायुविकाराचं वर्णन केलं. साठीला आलेला माणूस, परकी भाषा, परका देश, आणि हा एका घरातल्या माणसांचे आखडलेले स्नायू पिढी-पिढीने तपासत बसलाय. एप्रिल १९४८ मध्ये तो गेला. त्या एप्रिलमध्ये आमच्याकडे रझाकारांची धामधूम होती. आजी तान्ह्या बापूंना घेऊन माहेरी लपून होती. निजामाच्या राज्यातून आम्ही सुटलो ते सप्टेंबरात.

हे सगळं मी एकदा आत्याला सांगितलं. ती आता चौसष्टची आहे, माझ्याच घरी असते. रात्रीची अर्धी गोळी अजून घेते. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत अर्ध्यावर आणलीय, त्याखाली जायला ती तयार नाही. शेंगा फोडत ऐकत होती. फ्रायबुर्गचा वॉर्ड, वरची खोली, रात्रीचे आवाज, मग ती गोळी. सगळं ऐकून तिने विचारलं, "मंग त्याला झोप लागली का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचं सांगितलं, नोकरीवरून काढलं, छावणीत टाकलं, देश सोडावा लागला. शेंगा फोडणारे तिचे हात थांबले.

"म्हंजी त्यालाबी आनून सोडलं," ती म्हणाली.

पेटीच्या तळचा तो कागद. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटके बसवले. लग्नाआधीपासून ते असतील तर लग्न रद्द ठरवून घेता येत असे. वकिलाच्या कागदात हेच होतं. 'वेड किंवा अपस्मार', एका ओळीत. १९९९ मध्ये संसदेने अपस्मार हा शब्द त्यातून काढून टाकला. मी मेडिकल टाकलं ते त्याच वर्षी, आणि हा बदल झाल्याचं मला कळलं त्यालाही पुढे काही वर्षं गेली. आत्याला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की बरं झालं, आता पोरींना ते वाचावं लागणार नाही. ती स्वतः काही कधी वाचायला शिकली नव्हती. पण त्या कागदात काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कायद्यातला शब्द गेला, घरातलं झाकणं गेलं नाही. आम्ही पाव्हण्यांसमोर त्या गोळीला 'ताकदीची गोळी' म्हणायचो. या झाकण्याने एकदा तिचा जीव जायची वेळ आली होती. १९८६ चा उन्हाळा असेल. तीन वर्षं फिट नव्हती. नात्यातल्या एकांनी कळवळ्यानेच तिला कुठल्याशा बाबाकडे नेलं. तो म्हणाला, गोळ्या बंद करा, त्याशिवाय अंगारा लागू होणार नाही. आणि ज्यांना ती ताकदीची गोळी वाटत होती, त्यांनी ती बंद केली. ताकदीची गोळी आठ दिवस न घेतली तर काय बिघडतं?

ही गोळी मेंदूतल्या पेशींची उठाठेव आवरून धरते. एका पेशीने दुसरीला 'शांत राहा' सांगायचा जो रासायनिक निरोप असतो, तो निरोप ही गोळी जास्त वेळ टिकवते. महिनोन्महिने मेंदूला त्या आधाराची सवय लागते. गोळी शरीरातून फार सावकाश निघते. अर्धी निघायलाच चारेक दिवस लागतात. म्हणून दिवसातून एकदा घेतली तरी पुरते. आणि म्हणूनच बंद केल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, माणसाला वाटतं बघा, गोळीविनाही चालतंय. आत्याला सहाव्या दिवशी सुरू झालं. एक थांबायच्या आत दुसरी. जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेईपर्यंत आजीने पदराला नऊ गाठी मारल्या होत्या. दोरा घरीच राहिला होता. डॉक्टरांनी वाचवली. घरी आल्यावर आजीने पदराच्या गाठी एक-एक सोडून दोऱ्यावर मारल्या. त्या नऊ गाठी एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की बोटाला एक लांबट गोळा लागतो.

त्यानंतर आमच्या घरात त्या गोळीला 'फिटची गोळी' म्हणायचं ठरलं. आजीनेच ठरवलं. कुणी आलं-गेलं तरी मोठ्याने: "पोरी, फिटची गोळी घेतलीस का?"

जगात आज सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार आहे, आपल्या देशात १ कोटीच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट औषध मिळालं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. नवी औषधं पुष्कळ आली, आणि ती यायलाच हवी होती. फेनोबार्बिटोनने काहींना सुस्ती येते, लेकरं चिडचिडी होतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात, गर्भारपणी धोका असतो. डॉक्टर बाईमाणसाला आणि शाळेतल्या पोरांना दुसरं काही देता येतं का ते आधी बघतात, ते बरोबरच आहे. आमच्या भागात तर बऱ्याच फिटचं मूळ अन्नातच असतं. माणसाच्या विष्ठेतून मातीत गेलेली फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात आणि मेंदूत गाठ धरतात. ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही आणि त्याचे उपचार वेगळे. तरीसुद्धा ज्या माणसाच्या हातात महिन्याला थोडेच पैसे पडतात त्याच्यापर्यंत अजून हीच शंभर वर्षांपूर्वीची गोळी पोचते. बंगळूरचे डॉ. के. एस. मणी यांनी कर्नाटकातल्या येळंदूर भागात गावोगाव जाऊन अपस्माराचे रुग्ण शोधले, गावातल्याच माणसांना तयार केलं आणि फेनोबार्बिटोन व फेनिटॉइन या दोन स्वस्त गोळ्यांवर खेड्यातला अपस्मार आटोक्यात आणता येतो हे वर्षानुवर्षं रुग्णांच्या मागे राहून दाखवून दिलं. २००१ मध्ये लॅन्सेटसारख्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. येळंदूर आणि आमचा बालाघाट यांत मला फार फरक दिसत नाही. तिथे कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं, एवढाच.

मी दारोदार जात नाही. दुकान सुटत नाही. पण माझ्या काउंटरवर फिटची चिठ्ठी येते तेव्हा मी घरातल्या माणसाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायला सांगतो. फिट आली त्या तारखेवर फुली, गोळी चुकली त्या तारखेवर गोल. डॉक्टरांकडे जाताना ते पान सोबत न्यायचं. काहीजण करतात. आजीचा दोरा माझ्या गल्ल्याच्या खणात असतो. कुणी फारच घाबरलेलं असलं तर काढून दाखवतो: या एक्केचाळीस, या सहा, ही एक, आणि हा नुसताच दोरा.

ती ऊसतोडीची बाई पाडवा झाल्यावर परत आली. ऊन चांगलंच तापलं होतं. रंग आणखी रापला होता. काउंटरवर हात टेकून तिने पदराचं टोक सोडलं आणि चार गोळ्या पुढे ठेवल्या.

"चार उरल्या," ती म्हणाली.

म्हणजे चार रात्री चुकल्या होत्या. कोणत्या, असं मी विचारलं. तिला पाठ होत्या. फेब्रुवारीत गाड्या रात्री भरायला लागल्या, पहाटेपर्यंत मोळ्या वाहायच्या, कोपीत यायचं ते डोळे मिटूनच. सलग चार रात्री.

"मंग पाचव्या दिशी, वाढं बांधताना पडला. समद्या टोळीसमोर. कुनी कांदा आनला, कुनी जोडा काढला. म्या म्हनलं, काय लावू नगा, कुशीवर करा आन् सरा बाजूला."

"म्हणजे टोळीला कळलं."

"कळलं की."

"मग?"

"मंग काय. आता मुकादमीन रोज रातच्याला कोपीपाशी येऊन इचारायची, दिली का गं गोळी म्हून. त्यानंतर एकबी न्हाई चुकली."

तिने नवी चिठ्ठी दिली. महिन्याच्या तीस गोळ्या. मी बांधायला कागद काढला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कागद. आन् तीस कामून देता? ह्या चार हायेत की. सव्वीस द्या."